डेकवरचा टीव्ही आणि बाबांची अट

बाबांनी केबिनमध्ये उतरणं सोडलं त्याला आता दीड वर्ष होईल. आमच्या बोटीवर डेकवरून खाली जायला पाच पायऱ्यांची शिडी आहे, जवळजवळ उभीच. गुडघे दुखायला लागल्यावर एकदा ते तिसऱ्या पायरीवर अडकले. खालीही जाता येईना, वरही येता येईना. दादाने काखेत हात घालून त्यांना वर घेतलं. त्यावर ते एक अक्षर बोलले नाहीत. मागच्या डेकवर आमचा यू आकाराचा बाक आहे, त्याचा उजवा कोपरा त्यांनी आपला करून टाकला.

दिवसा ते छानच होतं. प्रश्न रात्रीचा होता. नांगर टाकला, जेवणं उरकली की आम्ही सगळे खाली टीव्हीसमोर आणि वर बाबा एकटे. उघड्या झडपेतून आमचं हसणं त्यांना ऐकू जायचं. एकदा मी पाणी द्यायला वर आले तेव्हा त्यांनी विचारलं, "काय झालं गं, एवढे का हसलात?" मी सांगायला लागले आणि मधेच थांबले. सांगून हसू येईल असं ते नव्हतंच.

त्या रात्री मी आणि दादाने ठरवलं, टीव्ही वर आणायचा. बोटीवरच्या वायरी माझ्याकडे आणि लाकूड-फायबरचं काम दादाकडे, अशी आमची पूर्वीपासून वाटणी. बाबा आयुष्यभर फिटर होते, त्यामुळे दोघांच्याही कामावर त्यांची नजर असते. हे काम सहा महिने चाललं. यात कुठे काय अडतं ते नीट लिहून ठेवावं असं वाटलं, कारण आम्ही सुरू केलं तेव्हा आम्हाला कुणी सांगणारं नव्हतं.

सुरुवात पुठ्ठ्याने केली. 43 इंची टीव्ही घ्यायचा विचार होता. त्याची स्क्रीन साधारण 95 सेंटिमीटर रुंद आणि साडेत्रेपन्न सेंटिमीटर उंच येते. तेवढा पुठ्ठा कापला, काळा रंगवला आणि बोटीच्या मागच्या कठड्याला चिकटपट्टीने लावला. जागा मोकळी होती, बाकावरून सगळ्यांना समोर दिसत होता. मला ते पटलंही होतं. बाबा कोपऱ्यात येऊन बसले, पुठ्ठ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तिथे समुद्र आहे."

आणखी काही बोलले नाहीत. मी पुठ्ठा काढला.

मग त्यांनी अट सांगितली. टीव्ही लावा, मला आवडेल, पण बघत नसू तेव्हा तो दिसता कामा नये. दिवसभर समोर काळी काच घेऊन बसायचं असेल तर मी एकटाच बरा होतो. ही अट त्यांनी शांतपणे घातली आणि सगळं काम तिच्याभोवती फिरलं.

दुसरी जागा सापडली ती सुकाणूच्या सीटच्या पाठीला. तिथे दोऱ्या आणि फेंडर, म्हणजे बोट धक्क्याला घासू नये म्हणून बाजूला लटकवायच्या गाद्या, ठेवायची एक उभी पेटी होती, बाकाकडे तोंड करून. त्या दिशेला समुद्र नव्हताच, सीटची पाठ होती. पेटीतून टीव्ही वर यायचा आणि बघून झालं की परत आत जायचा. या जागेचा एक फायदा मला नंतर उमगला. स्क्रीनची पाठ सुकाणूवर बसणाऱ्याकडे येते, म्हणजे चालवणाऱ्याच्या डोळ्यांत तिचा उजेड जात नाही. गैरसोय एकच, टीव्ही वर असताना दादाला मागचं दिसत नाही, आणि बोट मागे घेताना मागचंच बघायचं असतं. त्याचा बंदोबस्त पुढे केला.

पेटीची आतली खोली 62 सेंटिमीटर होती. 43 इंचीची फ्रेम, खालची लिफ्ट, वरचं झाकण धरलं तर काही केल्या बसेना. दादा पेटी खाली वाढवायला तयार होता, पण खाली इंधनाच्या टाकीचा पाइप जातो. 32 इंचावर आलो. त्याची स्क्रीन 71 बाय 40 सेंटिमीटर. बाबांच्या कोपऱ्यापासून अंतर पावणेदोन मीटर. पुन्हा पुठ्ठा कापला, पुन्हा चार शनिवार-रविवार तो तिथे ठेवला आणि त्याच्या उजव्या-डाव्या बाजूने जाऊन-येऊन बघितलं. कुणाचा खांदा लागतो, कुणाला मान वाकडी करावी लागते, सगळं आधी कळलं. पुठ्ठा कापून बघायला एक तास लागतो आणि फायबरला पाडलेलं भोक जन्मभर राहतं. कुणी हे काम करणार असेल तर माझी पहिली विनंती हीच, पुठ्ठ्यासोबत महिनाभर राहा.

टीव्ही निवडताना मी उजेडापासून सुरुवात केली. घरातल्या टीव्हीची झळाळी साधारण 300 ते 400 निट्सच्या आसपास असते. थेट उन्हात उजेड लाखभर लक्सपर्यंत जातो, त्यात असा टीव्ही नुसती काळी पाटी दिसतो. आमच्या बाकावर कायमचं छप्पर आहे, तरी पाण्यावरून परतणारा उजेड खालून येतो, तो कुठल्याच छपराला अडत नाही. म्हणून 1,000 निट्सचा, बाहेर लावायचा म्हणून बनवलेला टीव्ही बघितला. उघड्या उन्हात असता तर 1,500 च्या वर जावं लागलं असतं.

पहिला टीव्ही आम्ही पक्का बसवण्याआधी बाकावर नुसता टेकवून चालू केला. भर दुपार होती. दादा सुकाणूवरून वळून बघत म्हणाला, "चालू कर ना." मी म्हटलं, "चालूच आहे." मला चित्र स्वच्छ दिसत होतं आणि त्याला काळी स्क्रीन. त्याने डोळ्यांवरचा गॉगल काढला आणि चित्र आलं.

कारण साधं आहे, पण आधी डोक्यात आलं नव्हतं. पाण्यावरून परावर्तित होणारा चकाकता उजेड बराचसा आडव्या दिशेत कंप पावतो. पोलराइज्ड गॉगल तेवढाच अडवतो, म्हणून तर बोटीवर सगळे तोच घालतात. एलसीडी स्क्रीनमधून बाहेर येणारा उजेडसुद्धा एकाच दिशेत कंप पावणारा असतो. त्या विशिष्ट स्क्रीनची दिशा आडवी निघाली, गॉगलने पूर्ण अडवली. टीव्ही उभा धरला की चित्र परत दिसायचं. काही स्क्रीनवर यासाठी वेगळी फिल्म असते, तिच्यातून गॉगल घालूनही दिसतं. तो टीव्ही परत केला. पुढचा बघायला गेले तेव्हा दादाचा गॉगल बरोबर नेला आणि प्रत्येक स्क्रीनसमोर मान कलती करून बघितलं.

पाण्याबद्दल बोलायचं तर आयपी आकडा सगळेच विचारतात. तो आयईसी 60529 या मानकातून येतो. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. आमचा टीव्ही आयपी55 आहे, म्हणजे पाण्याची धार अंगावर आली तरी चालतं. पण ही चाचणी गोड्या पाण्याची असते. मिठाने काय होईल याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही, मिठाच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते आणि ती वेगळी विचारावी लागते. तसंच लिफ्टचं. तिचा आयपी66 हा आकडा दांडा स्थिर असतानाचा की हलत असतानाचा, हे मी विकणाऱ्याला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा उत्तर आलं, स्थिर असतानाचा. म्हणजे पावसात वर-खाली करायची नाही. हे कळलं म्हणून झाकणाचा विचार नीट झाला.

लिफ्ट म्हणजे 12 व्होल्टचा एक खांब. मोटर आतला स्क्रू फिरवते आणि खांब दुर्बिणीसारखा लांबतो. आमचा 50 सेंटिमीटर वर येतो, 20 सेकंद घेतो. मोठ्या टीव्हीला दोन खांब लागतात आणि दोघे बरोबरीने चालावेत म्हणून सेन्सर आणि कंट्रोल बॉक्स लागतो, नाहीतर एक पुढे गेला की फ्रेम तिरपी होऊन अडकते. 32 इंचाला एक खांब पुरला, ही लहान आकाराची दुसरी कृपा. मोटर सलग चालवायची नसते. अशा बहुतेक मोटरींना दहा टक्के चालण्याची मुभा असते, म्हणजे दोन मिनिटं चालली तर अठरा मिनिटं विश्रांती. माझ्या भाचीला पहिल्या दिवशी वर-खाली करायचा एवढा नाद लागला की सहाव्या फेरीला मोटर गप्प बसली. आतला तापमानाचा स्विच सुटला होता. पंधरा मिनिटांनी पुन्हा चालू झाली.

एका खांबावर टीव्ही म्हणजे काठीवर पाटी. वारा किती ढकलेल ते मी काढून बघितलं. 20 नॉटच्या वाऱ्यात एवढ्या फ्रेमवर साधारण अडीच किलोचा जोर येतो. वारा दुप्पट झाला की जोर चौपट, म्हणजे 40 नॉटला दहा किलो. ते खांबाला झेपतं. झेपत नाही ती बोटीची डोल. बाजूने लाट आली की अकरा किलोचा टीव्ही एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि खांबाच्या सांध्यात हळूहळू खेळ पडत जातो. म्हणून पेटीच्या दोन्ही बाजूंना ॲसेटलच्या पट्ट्या बसवल्या, निसरतं टणक प्लास्टिक असतं ते, आणि टीव्ही ज्या फ्रेमवर टांगलेला आहे ती त्या दोन पट्ट्यांमधून सरकते. वर आल्यावरही तिचा खालचा दहा सेंटिमीटरचा भाग पट्ट्यांतच धरलेला राहतो.

या पट्ट्या बाबांनी केल्या. बाजारातली पट्टी 12 मिलिमीटर जाडीची, आम्हाला हवी होती साडेअकराच्या जरा खाली. मी मशीनवर करून आणते म्हटलं तर म्हणाले, "कानस आण." मांडीवर जुना टॉवेल, त्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर पट्टी. कानस पुढे जाताना दाबायची, मागे येताना नुसती उचलून आणायची, हे त्यांनी भाचीला चार वेळा दाखवलं. पांढरा भुगा टॉवेलवर साचत गेला. दर वीसेक हातांनी जाडी मोजायला व्हर्निअर लावायचे, तीन ठिकाणी, आणि आकडा मोठ्याने सांगायचे. मी तो वहीत लिहायचे. दोन पट्ट्यांना दोन दुपारी लागल्या. तेव्हा टीव्ही बसलाही नव्हता, पण कोपऱ्यात एकटं बसणं त्या दोन दुपारीच संपलं होतं.

डेकला भोकं पाडायचं काम मला सगळ्यात नकोसं होतं. आमचा डेक म्हणजे वर फायबर, खाली फायबर आणि मधे बाल्सा लाकूड. बाल्सा हलकं आणि ताठ असतं, पण बोल्टच्या भोकातून त्यात पाणी शिरलं तर आतून कुजत जातं आणि वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. मग एक दिवस पायाखाली डेक मऊ लागतो. त्याला उपाय एकच आहे आणि तो करायचाच. 8 मिलिमीटरचा बोल्ट घालायचा असेल तर आधी 16 चं भोक पाडायचं. वाकवलेल्या खिळ्याने आजूबाजूचं बाल्सा बोटभर खरवडून काढायचं. खालून टेप लावायची, घट्ट कालवलेलं इपॉक्सी भरायचं, दुसऱ्या दिवसापर्यंत वाळू द्यायचं आणि मग त्या इपॉक्सीच्या मधोमध 8 चं भोक. म्हणजे बोल्टला लाकूड भेटतच नाही. भोकाचं तोंड जरा कोन मारून रुंद करायचं, त्यात ब्यूटाइलची, म्हणजे चिकट रबरी लांबीची, गोळी बसते आणि बोल्ट आवळला की ती चेपून पाणी बंद करते. आमची आठ भोकं होती. फायबरचा भुगा अंगावर बसला की आठवडाभर खाज जात नाही, म्हणून मास्क, पूर्ण बाह्या, आणि भोक पाडताना शेजारी व्हॅक्यूमचं तोंड धरून भाची.

बोल्ट 316 स्टीलचे. 304 आणि 316 हातात घेतले तर सारखेच दिसतात, फरक 316 मधल्या दोन-तीन टक्के मोलिब्डेनमचा, आणि खाऱ्या हवेत तोच कामाला येतो. पण लिफ्टचा खांब ॲल्युमिनियमचा आहे. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये थेट घातला आणि मधे खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी पूड बाहेर यायला लागते. म्हणून प्रत्येक बोल्टला नायलॉनची बाही, वर-खाली नायलॉनचे वॉशर आणि आट्यांना गंजरोधक पेस्ट. दोन धातू एकमेकांना कुठेही टेकत नाहीत हे मीटर लावून तपासलं.

आता पेटीच्या पाण्याची गोष्ट, यात चूक माझी होती. झाकण आम्ही टीव्हीच्या डोक्यावरच बसवलं. टीव्ही वर आला की झाकण टोपीसारखं त्याच्याबरोबर वर जातं, खाली गेला की तोंडावर बसतं. बिजागरी नाही, म्हणजे गंजायला काही नाही. पेटीच्या तोंडाला दादाने अडीच सेंटिमीटरचा उभा काठ केला आणि काठाबाहेर चारही बाजूंनी पन्हळ. झाकणावरचं पाणी पन्हळीत पडतं आणि नळीने थेट बोटीबाहेर जातं. काठावर रबराची गॅस्केट. इतकं केल्यावरही आत थोडं पाणी येणारच हे धरून मी पेटीच्या तळाला एक निचरा ठेवला, पुढच्या डाव्या कोपऱ्यात. बोट उभी असताना बादलीभर पाणी ओतून बघितलं, सगळं गेलं.

तीन आठवड्यांनी पेटी उघडली तर मागच्या बाजूला दोन बोटं पाणी. बोट वेगात निघाली की तिचं तोंड वर उचलतं आणि मागची बाजू बसते. तेव्हा सगळं पाणी मागच्या कोपऱ्यात जाणार हे मला सुचायला हवं होतं, मी बादली ओतली ती नांगरावर उभ्या बोटीत. वायरीचे कनेक्टर पाण्याच्या वर जेमतेम अंगठाभर होते. त्या दिवशी दुसरा निचरा मागे काढला आणि सगळे कनेक्टर उचलून पेटीच्या वरच्या तिसऱ्या भागात नेले. त्यांच्या वायरींना खाली एक झोळ दिला, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, कनेक्टरमध्ये शिरत नाही.

वायरीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझं पोट त्यावर आहे आणि बहुतेक लोक इथेच फसतात. टीव्ही पूर्ण उजेडावर 8 अँपिअर घेतो, लिफ्टची मोटर 5. दोन्ही मिळून 13. बॅटरीपासून पेटीपर्यंत वायरीचा रस्ता आठ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन सोळा. घरात सहज वापरतो ती अडीच स्क्वेअर मिलिमीटरची वायर इथे टाकली असती तर वाटेत 1.43 व्होल्ट गेले असते. 230 व्होल्टच्या घरात दीड व्होल्ट कुणी मोजत नाही. बारा व्होल्टमध्ये मात्र तो आठवा हिस्सा होतो. रात्री बॅटरी 12.2 वर आली की टीव्हीपाशी 10.8 सुद्धा पोचत नाही, आणि लिफ्ट वर जाता जाता टीव्ही बंद पडतो. मी दहा स्क्वेअरची टाकली, घट 0.36 व्होल्टवर आली, तीन टक्क्यांच्या आत. वायर कलई केलेल्या तांब्याची, साधं तांबं खाऱ्या हवेत आवरणाखाली हिरवं-काळं पडत आत चढत जातं. फ्यूज बॅटरीपासून सात इंचांच्या आत, कारण फ्यूजच्या अलीकडच्या वायरीला कुणी वाली नसतो.

उलटी बाजूही आहे. चार्जर चालू असताना बॅटरी 14.4 पर्यंत जाते. नुसतं '12 व्होल्ट' लिहिलेल्या प्रत्येक टीव्हीला ते सोसतं असं नाही. म्हणून मधे व्होल्टेज स्थिर करणारा कन्व्हर्टर घातला. आणि त्याच कन्व्हर्टरने पुढचा त्रास दिला.

टीव्ही चालू केला की व्हीएचएफवर, म्हणजे बोटींनी एकमेकींशी बोलायच्या रेडिओवर, खरखर. हे फक्त कानाला त्रासदायक नाही, चॅनल 16 वर कुणी मदत मागत असेल तर ते या खरखरीत बुडून जाईल. 2018 मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाने एलईडी दिव्यांमुळे रेडिओ आणि एआयएसला (जहाजांना एकमेकांची जागा कळवणारी यंत्रणा) होणाऱ्या अडथळ्याबद्दल इशारा काढला होता. त्यात तपासायची सोपी रीत दिली आहे. रेडिओ शांत चॅनलवर ठेवायचा, खरखर येईपर्यंत स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबणारा खटका, उघडायचा, मग ती जेमतेम थांबेल इतकाच बंद करायचा आणि दिवा लावायचा. खरखर परत आली तर दोष दिव्यात. मी हेच टीव्ही, कन्व्हर्टर, मोटर एकेक चालू करून केलं. टीव्ही निर्दोष निघाला, मोटर निर्दोष, कन्व्हर्टर सापडला. दोन्ही टोकांना वायरीवर फेराइटची, म्हणजे अशी खरखर अडवणारी, कडी घातली आणि त्याला ॲन्टेनाच्या वायरीपासून लांब हलवलं, तेव्हा शांतता झाली.

होकायंत्राचंही तसंच. माझी धन आणि ऋण वायर सुकाणूच्या पॅनलखालून हातभर अंतर वेगवेगळी गेली होती. 13 अँपिअर चालू होताच होकायंत्र दोन अंश सरकलं. दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन नेल्या, एकीचं चुंबकत्व दुसरी खोडून काढते. होकायंत्र जागेवर आलं.

नांगरावरची बोट वाऱ्याप्रमाणे फिरते, हे सगळ्यांना माहीत असतं, पण टीव्ही लावताना त्याचा अर्थ समजायला मला वेळ लागला. जमिनीवर ऊन कुठून येणार ते ठरलेलं असतं. इथे सकाळी पाठीमागून येणारं ऊन वारा फिरला की तासाभरात स्क्रीनवर पडतं. आणि एका दिशेला रोखलेला टीव्हीचा ॲन्टेना दर पाच मिनिटांनी चुकीकडे बघतो. ॲन्टेना म्हणून आम्ही सगळीकडून सिग्नल घेणारा, बशीसारखा गोल घेतला. उन्हासाठी खांबाच्या डोक्यावर टीव्ही तीस-तीस अंश दोन्हीकडे वळेल असा सांधा बसवला. पण वळलेला टीव्ही खाली घेतला तर कोपरे काठावर आपटतील. म्हणून सांध्यात एक रीड स्विच, म्हणजे चुंबक समोर आला की जुळणारा स्विच, घातला. तो काचेत बंद असतो, मिठाचा त्याच्याशी संबंध येत नाही. टीव्ही बरोबर मधे असेल तरच तो जुळतो आणि तेव्हाच लिफ्टला खाली यायची परवानगी मिळते.

बोट चालू असताना टीव्ही वर नसावा, यावर घरात दुमत नव्हतं. समुद्रातल्या टकरी टाळण्याच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांत पाचवा नियम डोळ्यांनी आणि कानांनी सतत टेहळणी करायला सांगतो. विसावा नियम सांगतो की सूर्यास्त ते सूर्योदय टेहळणीत अडथळा आणणारा दुसरा कुठलाही उजेड दाखवायचा नाही. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात आणि उजळ स्क्रीनकडे एकदा बघितलं की ती कमाई जाते. दादाचं म्हणणं होतं, इंजिनाची चावी फिरवली की टीव्ही आपोआप खाली जाऊ दे. मी नाही म्हटलं. कुणाचा हात काठावर असताना, कुणाचं लक्ष नसताना झाकण खाली आलेलं मला नको होतं. आता चावी फिरली आणि टीव्ही वर असला तर सुकाणूपाशी बझर वाजतो, तो कुणीतरी समोर उभं राहून खाली घेईपर्यंत थांबत नाही.

हाताच्या धास्तीने मी आणखी एक तपासलं. कंट्रोलरला अडथळा ओळखण्याची सोय असते, मोटरचा करंट वाढला की थांबून उलटं फिरायचं. कारखान्यातून आला तेव्हा मी काठावर लाकडी पेन्सिल आडवी ठेवून झाकण खाली घेतलं. पेन्सिल मोडली, झाकण बसलं. भाचीने ते बघितलं आणि हात पाठीमागे घेतले. त्या संध्याकाळी मर्यादा खाली आणत आणत अकरा पेन्सिली मोडल्या. बाराव्या पेन्सिलीवर नुसता वळ उठला आणि झाकण वर गेलं. ती पेन्सिल अजून ठेवली आहे. शिवाय बटण दाबून धरलं तरच लिफ्ट हलते, बोट काढलं की थांबते.

मोटर बंद पडली तर टीव्ही वरच अडकणार, कारण आतला स्क्रू हाताच्या जोराने मागे फिरत नाही. म्हणून टीव्ही चार एम6 बोल्टवर टांगला आहे. पान्हा पेटीतच दोरीने बांधलेला आहे. दोघे जण तीन मिनिटांत टीव्ही उतरवून खाली नेऊ शकतात, आम्ही घड्याळ लावून करून बघितलं.

पहिला सिनेमा बघितला त्या रात्री वारा नव्हता. उजेड दहा टक्क्यांवर आणला, त्याहून जास्त डोळ्यांना सोसत नाही, आणि बॅटरीही वाचते. आवाज बाकाच्या पाठीतल्या दोन छोट्या स्पीकरमधून, शेजारच्या बोटींना जाणार नाही इतका. बाबा कोपऱ्यात, त्यांच्या मांडीवर भाचीचे पाय. एका प्रसंगाला आम्ही सगळे हसलो आणि ते आमच्याही आधी हसले होते.

संपल्यावर मी बटण त्यांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठा दाबून धरला. टीव्ही मधे होता, रीड स्विच जुळला, झाकण हळूहळू खाली आलं आणि गॅस्केटवर टेकताना एक छोटा श्वास सोडल्यासारखा आवाज झाला. समोर नुसती सीटची पाठ उरली आणि मागे पाणी. डोळे अंधाराला सरावेपर्यंत कुणी उठलं नाही.

थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "खाली येताना अर्ध्यात कुरकुरतं. ऐकलंस?"

मी ऐकलं नव्हतं. पुन्हा वर-खाली केलं, कान पेटीला लावला. होतं.

"डावी पट्टी," ते म्हणाले. "वरून वीतभर खाली. मी तिथे तीनच ठिकाणी माप घेतलं होतं, मधे जाड राहिली असेल. उद्या काढून दे आणि कानस आण."